गजभिये बाईंना हरवणारी पाहिजे

गजभिये बाई गेल्या तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. ‘माजी धावपटू व सेवानिवृत्त क्रीडाशिक्षिका अनुसया गजभिये यांचे वृद्धापकाळाने शांतपणे निधन झाले.’ वृद्धापकाळ एकवेळ मान्य, वयच तसं होतं. पण ‘शांतपणे’ वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही आला. बाईंनी आयुष्यात एकही गोष्ट शांतपणे केली नव्हती. त्या चहा प्यायच्या तर घोटाघोटाला भिंतीपलीकडे मला कळायचं. मग मरताना तरी शांत कशाला राहतील? त्यांच्या मुलाला, प्रकाशला विचारलं तर तो म्हणाला, “शांतपने कायचं ताई! शेवटपर्यंत डॉक्टरले सांगून राहिली होती, तुमची सुई देनारी पोट्टी लय हळू चालते म्हनून.”

वरठीला त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीला लागून. शिवाय त्या शाळेत मला शिकवायला होत्या, म्हणजे मी दोन्ही बाजूंनी सापडले होते. माझे केस पांढरे झाले, मला जावई आला, तरी त्या मला भर रस्त्यात “ए मंदे, पाय उचल!” असं ओरडायच्या. मी स्कूटरवर असले तरी.

बाई अंगानं बारक्या, रंगानं सावळ्या, आणि साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला. त्या चालायला लागल्या की बरोबरच्यानं पळायचं, असा नियमच होता. बाजारात त्यांच्यासोबत गेलं की निम्मं बोलणं त्या हवेशी करायच्या, कारण आपण मागे राहिलेलो असायचो. आमच्या वस्तीत बायाही मयतीला जातात. बाई न चुकता जायच्या, पण थोड्या वेळानं बघावं तर त्या मयताच्याही पुढे निघून गेलेल्या. कारखान्यातले शेंडेकाका वारले त्या दिवशी तर त्या घाटावर आधीच पोचून एका दगडावर बसल्या होत्या. खांदेकरी घामाघूम होऊन आले, तशा म्हणाल्या, “इतका उशीर? शेंडे जिता असता तं यापेक्षा लवकर आला असता!” शेंडेकाकूंनासुद्धा रडता रडता हसू फुटलं. बाईंना मात्र आपण काही विनोद केला असं वाटलं नव्हतं. त्यांना खरंच उशीर झाल्यासारखा वाटत होता.

शाळेत त्यांच्या तासाला पोट दुखणाऱ्या मुलींची रांग लागायची. बाई ती रांग तशीच्या तशी मैदानावर न्यायच्या. “पाय काय निस्ते जोडवे घालाले देल्ले का तुमाले?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग त्या स्वतः आमच्याबरोबर पळायच्या, साडीवर, आणि आम्हाला हरवायच्या. हरवायच्या म्हणजे अगदी मनापासून हरवायच्या. शिक्षकांनी मुलांबरोबर खेळताना थोडं मागे राहायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. एकदा पाचवीतली एक मुलगी त्यांच्याकडून हरली आणि मैदानावर फतकल मारून रडायला लागली. मुख्याध्यापक बाहेर आले. म्हणाले, “अहो बाई, लहान लेकरू आहे. एकदा जिंकू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“काहून सर?” बाई म्हणाल्या. “उद्या हिले कोन जिंकू देनार हाय?”

आणि त्या मुलीकडे वळून, “रडून झालं का? चाल, आणखी एकदा.” दुसऱ्यांदाही तिला हरवलं. तिसऱ्यांदाही. मुख्याध्यापक मान हलवत आत गेले. ती मुलगी मी नव्हते, पण मी असते तर मीही रडले असते.

बाई मूळच्या साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या. घरची शेती थोडी आणि मजुरी जास्त. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तेव्हा नवीन पद्धतीनं सुरू झाली होती. बांधीत, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्यात, दोरी ताणायची आणि त्या दोरीच्या रेघेत रोपं लावायची. ही दोरी म्हणजे मोठीच भानगड होती. कोणाचा पाय लागून ती तुटली की सगळी रांग वाकडी व्हायची, आणि तोडणाऱ्याच्या कानाखाली आवाज निघायचा. बाईंनी लहानपणी ती दोनदा तोडली होती. त्यामुळे दोरी दिसली की थांबायचं, हे त्यांच्या अंगात पक्कं मुरलं होतं. साकोलीच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांनी ही पोरगी पळताना पाहिली आणि जिल्ह्याच्या शर्यतीला भंडाऱ्याला नेलं. मास्तरांनी तिला सगळं शिकवलं. उभं कसं राहायचं, सुटायचं कसं, हात कसे ठेवायचे. शेवटचं मात्र सांगायचं राहून गेलं.

“मी सगळ्यायच्या पुढं,” बाई सांगायच्या. “अन् पाहतो तं काय, समोर दोरी! दोन मास्तर दोन टोकं धरून उभे. मी म्हटलं, बाप्पा, भंडाऱ्यातई रोवना चालू हाय का? मी थांबली. दोरी हळूच उचलली, अन् खालून वाकून गेली. तेवढ्यात मांगून एक पोट्टी आली, तिनं छातीनं दोरी तोडली. मले वाटलं, आता हिले मार बसते. तं लोकं टाळ्या वाजवून राहिले!”

पहिला नंबर त्या दोरी तोडणारीला गेला. मास्तर डोक्याला हात लावून बसले. ही गोष्ट बाई दरवर्षी नव्या वर्गाला सांगत, आणि दरवर्षी त्यांची आघाडी वाढत जायची. माझ्या मोठ्या बहिणीच्या वर्गाला सांगितली तेव्हा दुसरी मुलगी हातभर मागे होती. माझ्या वर्गापर्यंत ती दिसेनाशी झाली होती. माझ्या धाकट्या बहिणीला तर बाईंनी सांगितलं की दोरीपाशी थांबून त्यांनी मास्तरांकडे पाणी मागितलं होतं.

पुढच्या वर्षी दोरी तोडून त्यांनी पितळेचा एक चषक घरी आणला. त्याचीही मजा झाली. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरातले जुने देव नुकतेच बोडीत, म्हणजे गावातल्या छोट्या तळ्यात, सोडले होते. देवांचा कोनाडा रिकामा पडला होता. आईनं विचार केला, एवढी चमकणारी वस्तू आहे, जागाही मोकळी आहे, तर ठेवू तिथेच. आठवडा झाला नाही तोच शेजारची एक म्हातारी येता-जाता त्या चषकाला हात जोडायला लागली. मग तिची सून जोडायला लागली. एका सकाळी चषकापुढे झेंडूचं फूल दिसलं, तसे वडील भडकले. “एक काढला तं हे दुसरा आनून बसवला!” म्हणत त्यांनी चषक उचलला आणि त्यात मीठ भरून चुलीजवळ ठेवून दिला. बाई लग्न होऊन वरठीला आल्या तोवर त्या घराचं मीठ त्याच चषकात राहत होतं.

मग नागपूर. मग राज्याच्या चमूत निवड. रेल्वेनं लांबलांबची गावं पाहिली. शिबिरात सगळ्या मुलींना पोळ्या मिळायच्या, आणि बाई स्वयंपाक्याच्या मागे लागून भात करून घ्यायच्या, कारण भाताशिवाय पाय उचलत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. तिथेच त्यांना पहिल्यांदा खिळ्यांचे बूट मिळाले. ते त्यांनी मोठ्या कौतुकानं एकोडीला नेले. आईनं एक बूट उलटा करून पाहिला आणि रडायलाच लागली. तिला वाटलं, पोरीला काही शिक्षा झाली आहे.

देशाच्या संघाच्या निवडीला त्या दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिल्या. का राहिलात असं विचारलं की दर वेळी वेगळं कारण. कधी मध्येच कुत्रं आलं होतं, कधी वारा समोरून होता, कधी पिस्तूल वाजवणारा नेमका त्याच वेळी खोकला होता. आम्ही मैत्रिणी मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचो आणि नवीन कारण मिळालं की खूष व्हायचो. खूप वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एकदा अंगणात तांदूळ निवडताना मात्र त्यांनी सरळ सांगितलं.

“कायचं कुत्रं अन् कायचा वारा व! त्या पोट्ट्या माह्याहून जोरात पळाल्या. जीव तोडून पळाल्या. अश्या पळाल्या का मलेच पाहत राहावं वाटलं.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की जणू त्या जिंकल्याच होत्या.

लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई पूर्ण होत नाहीत. पाहुणे बघायला आले. चहा झाला, नाव-गाव झालं. मग मुलाच्या मावशीनं रीतीप्रमाणे सांगितलं, “पोरी, जरा चालून दाखव.” पायात काही खोट तर नाही ना, हे बघायची ती रीत. बाईंना आला राग. त्यांनी पदर खोचला, दारातून सुटल्या त्या थेट तलावाच्या पाळीपर्यंत गेल्या आणि परत येऊन मावशीसमोर उभ्या राहिल्या. श्वाससुद्धा लागला नव्हता. मावशीच्या हातातला कप तसाच. आईनं तोंडात पदर घातला. वडील जमिनीकडे बघत बसले. सगळं मोडलं असं सगळ्यांना वाटत असताना मुलगा, म्हणजे वरठीच्या कारखान्यातला फिटर, हळूच म्हणाला, “मले सायकलनं ड्युटीवर जावं लागते. हे सोबत पळत आली तं विसरलेला डबाई घरी राहायचा नाही.” तिथेच लग्न ठरलं. बाई पुढे आयुष्यभर म्हणायच्या, त्यांचा नवरा जन्मात एकच चांगलं वाक्य बोलला, पण वेळेवर बोलला.

नवरा गेला, नोकरी संपली, प्रकाशचं लग्न झालं, नातवंडं मोठी झाली, आणि बाईंवर एक मोठं संकट आलं. लोक त्यांना जिंकू द्यायला लागले. नात त्यांच्याबरोबर गल्लीत पळायची आणि शेवटी हळूच मागे राहायची. सकाळी फिरायला येणाऱ्या बाया त्यांच्या पुढे जायच्या नाहीत. ‘बाईंचं वय बघा,’ म्हणायच्या. बाईंच्या जिवाला याचा खरंच त्रास व्हायचा. गंमत नाही करत, एकदा त्या माझ्यासमोर डोळे पुसत होत्या. “मले कोनी खरं खेळतच नाही व मंदे,” म्हणाल्या. “मी काय काचेची झाली का?”

भंडाऱ्याला ज्येष्ठांच्या शर्यती होतात, तिथे त्या जाऊ लागल्या. ऐंशीच्या वरच्या गटात बाया कुठून येणार? बाई एकट्याच. आयोजक भला माणूस. तो म्हणाला, “आजी, तुम्ही नुसतं चालत या, सुवर्णपदक तुमचंच आहे.” बाईंनी ते पदक घेतलं, घरी आणलं आणि शेजारच्या बकरीच्या गळ्यात बांधलं. बकरी दोन दिवस ते मिरवत फिरली. मी विचारलं तर म्हणाल्या, “तिनं बी तेवढीच मेहनत केली होती.”

आणि मग पुढच्या शर्यतीआधी त्यांनी ठरवलं की आपल्याला हरवू शकेल अशी बाई जिल्ह्यात शोधायची. शोधायची म्हणजे माझ्या स्कूटरवर मागे बसून. प्रकाश रोज समजावत होता, “आई, बीपीच्या गोळ्या चालू हायेत. पडली तं?” आई ऐकते आहे असं दाखवायची आणि मी स्कूटर काढली की फाटकाबाहेर येऊन उभी राहायची. आम्ही एकोडीला गेलो. तिथे त्यांची बालमैत्रीण भेटली. ती म्हणाली, “पळीन ना, पन पुढं तूच राय.” बाईंनी तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. तुमसरला एका बाईंनी आम्हाला गुडघ्यांचे एक्स-रे दाखवले. असं फिरता फिरता आम्ही आंबागडला पोचलो. तिथे किल्ल्याच्या डोंगराखालच्या वाटेवर डोक्यावर जळाऊ लाकडांची मोळी घेतलेली एक म्हातारी आमच्या पुढे चालली होती. मी हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली नाही. उलट तिनं पाय उचलला.

बाई मागून माझ्या खांद्यावर थापा मारायला लागल्या. “हेच! हेच! थांबव!”

तिचं नाव यशोदाबाई. जन्मभर जंगलात राबलेली. वय विचारलं तर तिनं कंबरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं. त्यावर गावातल्या बऱ्याच जणांसारखी जन्मतारीख एक जानेवारी होती, पण वर्षाच्या हिशेबानं ती गटात बसत होती. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. यशोदाबाईनं मोळी खाली न ठेवता ऐकून घेतलं.

“कायले पळाचं जी?”

“पदक भेटते.”

“त्याचं काय करू?”

पदकाचं काय करायचं हे बकरीला माहीत होतं, पण ते बाईंना सांगता येईना. मग त्यांनी आवाज बदलला. “राहू द्या. तुमच्यानं होनार नाही. आमी आयुष्यभर पळलेल्या बाया.”

यशोदाबाईनं त्यांना वरून खाली पाहिलं. “गाडी पाठवसान का घ्याले?” एवढंच विचारलं.

गाडी म्हणजे पुन्हा माझीच स्कूटर.

शर्यतीच्या दिवशी बाई पहाटेपासून तयार. पांढरे बूट, पदर खोचलेला. यशोदाबाई अनवाणी, नऊवारीचा काचा मारून. दोघी मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. तेवढ्यात प्रकाश यशोदाबाईला बाजूला घेऊन गेला. मी जवळच होते, ऐकू आलं. “मावशी, आईचं मन राखा जी. थोडं हळू पळा. तिले जिंकू द्या.” बिचारा हात जोडून सांगत होता. यशोदाबाई म्हणाली, “बरं.” माझा हिरमोड झाला. इतकी वणवण, इतकं पेट्रोल, आणि शेवटी पुन्हा तेच.

पिस्तूल वाजलं. दोघी सुटल्या. पळाल्या हा शब्द मी प्रेमापोटी वापरते आहे, पण चालण्यापेक्षा ते नक्कीच जास्त होतं. अर्ध्या वाटेपर्यंत दोघी बरोबरीनं होत्या. मग यशोदाबाई हळू झाली. स्पष्ट दिसलं. तिनं बाजूला वळून बाई पुढे जातात का तेही पाहिलं. आणि बाईंनीही ते पाहिलं. पळता पळता, पाय न थांबवता, त्यांनी यशोदाबाईला एक शिवी हासडली. ती मी इथे लिहू शकत नाही. खास एकोडीची, रोवण्यातली शिवी होती आणि बाईंचा आवाज ड्रिलच्या मैदानावर तयार झालेला. मंडपातल्या पाहुण्यांनी एकदम पाण्याच्या बाटल्या हातात घेतल्या.

यशोदाबाईचा चेहरा बदलला. तिनं मान खाली घातली आणि ती अशी सुटली की कडेला वडापाव खात बसलेली पोरं उभी राहिली. बाईंनी सगळा जीव लावला. मी त्यांना शाळेतही तसं पळताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, अंबाडा सुटलेला, एक बूट निसटलेला. यशोदाबाई पुढे, आणखी पुढे, आणि पहिली. बाई दोन-चार पावलं मागे.

प्रकाश धावत आला. “मावशी, तुमी तं बरं म्हटलं होतं!”

“म्हटलं होतं जी,” यशोदाबाई धापा टाकत म्हणाली. “पन हे बाई माह्या मायवरून बोलली. मंग मी कायची थांबतो?”

बाई गवतावर आडव्या पडल्या होत्या. मला वाटलं झालं, प्रकाश मला आता या वस्तीत राहू देत नाही. मी वाकले तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

“मंदे,” त्या म्हणाल्या, “किती वर्सानं मले कोनाची पाठ दिसली व!”

मला त्या क्षणी बाई इतक्या आवडल्या की मी सगळ्यांसमोर त्यांचा मुका घेतला. त्यांनी मला ढकलून दिलं. त्यानंतरही काही महिने त्या भिंतीपलीकडे होत्या, चहाचे घोट ऐकू यायचे. पण माझ्या डोळ्यांपुढे बाई येतात त्या शर्यतीच्याच दिवशीच्या, निकालानंतर जरा वेळानं दिसलेल्या.

झालं असं की बक्षीस समारंभ सुरू झाला. भाषणं झाली. ऐंशीच्या वरचा गट पुकारला तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रकाश घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. मी मैदानाकडे पाहिलं. पार त्या टोकाला, चुन्याच्या पुसट रेघेवर, दोघी वाकून उभ्या होत्या. बाईंनी दुसराही बूट काढून टाकला होता. पिस्तूलवाला तर मंडपात बसून नाश्ता करत होता, म्हणून बाई स्वतःच मोजत होत्या. “एक,” त्या ओरडल्या. “दोन.” आणि दोनवरच सुटल्या.

“अवो बाई, तीन तं म्हना!” यशोदाबाई किंचाळली आणि त्यांच्या मागे लागली.

माईकवाल्यानं दुसऱ्यांदा नाव पुकारलं, “द्वितीय क्रमांक, अनुसया गजभिये.” पण त्या वेळी, मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते, बाई पहिल्या होत्या.